सिडकोत घर घेऊ का? नातेवाईक नको म्हणतात

वाचकाचे पत्र, थोडक्यात: एक वाचक भगिनी नाशिकमध्ये गंगापूर रोडजवळ भाड्याने राहतात. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असून त्यांना तिन्ही पाळ्या कराव्या लागतात. त्या स्वतः एका खासगी दवाखान्यात काम करतात आणि रात्री साडेआठच्या सुमारास घरी पोहोचतात. मुलगा चौदा वर्षांचा आहे, मुलगी दहा वर्षांची. सिडकोतील चौथ्या स्कीममध्ये, मूळ घरावर एक मजला चढवलेले एक जुने घर त्यांच्या ऐपतीत बसते आहे आणि यजमानांच्या मनात ते भरले आहे. सासूबाईंचे मत मात्र ठाम आहे: "सिडको? तिथे कोयते निघतात, रात्री गाड्या जाळतात. लेकरांना घेऊन तिथे राहायला जाणार का?" नणंदेने तर उद्या मुलीच्या स्थळासाठी हाच पत्ता सांगणार का, असे विचारले. पत्र लिहिणाऱ्या भगिनी स्वतःही बातम्या वाचून धास्तावल्या आहेत, विशेषतः यजमानांच्या रात्रपाळीच्या विचाराने. दुसरीकडे, दवाखान्यातल्या दोन सहकारी पूर्वीपासून सिडकोतच राहतात आणि त्यांना या भीतीचे नवल वाटते. घरमालकाने पंधरा दिवसांत इसार मागितला आहे. "सिडको खरोखर तसे आहे का, एवढेच स्पष्ट सांगा," असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

तुमच्या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर दिले, तर ती तुमची फसवणूक होईल, कारण तुम्ही ज्याला सिडको म्हणता आहात ती एक वस्ती नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको महामंडळाने सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना परवडतील अशी छोटी घरे येथे टप्प्याटप्प्याने बांधली. पहिल्या स्कीमपासून सहाव्या स्कीमपर्यंत हा विस्तार होत गेला आणि कारभार पुढे महापालिकेकडे आला. आज नवीन नाशिक म्हणून ओळखला जाणारा हा भाग महापालिकेचा एक संपूर्ण विभाग आहे. त्यात लेखानगर, राणाप्रताप चौक, शिवाजी चौक, सावतानगर, पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक अशा वेगवेगळ्या स्वभावाच्या वसाहती येतात. इतक्या मोठ्या लोकवस्तीत वर्षभरात जे काही बरेवाईट घडते, ते सारे बातमीत एकाच नावाखाली छापले जाते. त्यातच अंबड पोलीस ठाण्याच्या हद्दीत घरांबरोबर औद्योगिक वसाहतही येते. त्यामुळे कारखान्याच्या फाटकाबाहेरून चोरीला गेलेली दुचाकी असो, बारमध्ये दोन गटांत झालेली हाणामारी असो किंवा मोकळ्या भूखंडावर सापडलेला मृतदेह असो, वाचणाऱ्याच्या मनात ते सगळे तुम्ही पाहिलेल्या त्या घराच्या दारातच घडलेले असते.

याचा अर्थ बातम्या खोट्या आहेत असा नाही. सिडकोत टोळक्यांनी हत्यारे घेऊन दहशत माजवल्याच्या, रात्री लावून ठेवलेल्या वाहनांच्या काचा फोडल्याच्या आणि गाड्या पेटवल्याच्या घटना घडलेल्या आहेत. ज्यांची हप्त्यावर घेतलेली दुचाकी सकाळी जळालेल्या सांगाड्याच्या रूपात दिसली, त्यांच्यासाठी ती अफवा नव्हती. तुमच्या सासूबाईंना वाटणारी काळजी या घटनांतून आलेली आहे आणि तिला खुळचट म्हणून उडवून लावू नये. प्रश्न एवढाच आहे की या घटना कोणाच्या वाट्याला येतात, कोणत्या वेळी येतात आणि तुमच्या कुटुंबाच्या दिवसाशी त्यांची गाठ कुठे पडू शकते. नाव ऐकून मनात येणाऱ्या भीतीला ही तिन्ही उत्तरे नसतात, म्हणूनच ती आटोक्यात येत नाही.

खुनांच्या बाबतीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल दरवर्षी साधारण एकच चित्र दाखवतात: सर्वांत मोठे कारण आपसांतले वाद आणि त्याखालोखाल जुने वैर. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसावर झालेला हल्ला वृत्तपत्रात मोठ्या अक्षरांत येतो, पण एकूण संख्येत त्याचा वाटा लहान असतो. बलात्काराच्या गुन्ह्यांत तर बहुसंख्य आरोपी पीडितेच्या ओळखीचे असल्याचे हेच अहवाल सांगतात, आणि ओळखीची माणसे गंगापूर रोडलाही असतात. टोळीयुद्धाच्या बातमीतला मृत आणि मारेकरी हे दोघेही बहुतेक वेळा एकमेकांना चांगले ओळखत असतात. दवाखान्यातून घरी येणारी बाई त्या हिशेबात नसते. तिला त्रास होऊ शकतो तो वेगळ्या प्रकारचा: कोपऱ्यावर उभी राहणारी पोरे, मध्यरात्रीपर्यंत वाजणारा डीजे, दारासमोर लावलेली गाडी काढायला सांगितली म्हणून होणारी वादावादी. हा त्रास खरा आहे आणि घर घेण्यापूर्वी त्याचाच तपास करायला हवा.

पत्र पुन्हा वाचताना मला त्यात दोन निरनिराळ्या चिंता एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या. सासूबाई जिवाच्या सुरक्षिततेबद्दल बोलत आहेत, तर नणंद पत्त्याच्या प्रतिष्ठेबद्दल. या दोन्ही गोष्टी एकाच सुरात बोलल्या जातात, त्यामुळे दुसरीही पहिलीइतकीच गंभीर वाटू लागते. सिडकोत मोठ्या संख्येने राहणारी माणसे ही धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आणि कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातून कारखान्यांच्या नोकरीसाठी आलेली आहेत. त्यांनी एका खोलीच्या घरावर पै-पै करून मजले चढवले, मुलांना इंजिनिअर आणि नर्स केले आणि गावाकडचे सणही सोबत आणले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी येथे घरोघरी खानदेशाची लोकदेवी कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुकीत म्हाताऱ्या बायकाही फुगड्या घालतात. या लोकांचा पत्ता कमी प्रतीचा मानणे हा शहराच्या जुन्या भागांचा नव्या भागाकडे पाहण्याचा दृष्टिकोन आहे, त्याचा गुन्हेगारीशी संबंध फार थोडा आहे. जे स्थळ केवळ "सिडको" हा शब्द ऐकून मागे फिरेल, ते तुमच्या दहा वर्षांच्या लेकीसाठी पंधरा वर्षांनी योग्य ठरले असते का, हे नणंदेलाच विचारून पाहा.

आता एक गोष्ट थोडी स्पष्टपणे लिहितो. तुमच्या पत्रात मुलीचा उल्लेख चार वेळा आला आहे आणि मुलाचा एकदाच, तोही वय सांगण्यापुरता. मुलीला जपायचे आणि मुलगा आपला आपण राहील, हे आपल्या घरांतून इतके मुरलेले आहे की काळजी करतानाही आपण ते तसेच धरून चालतो. पण ज्या भागात टोळक्यांचा वावर आहे, तेथे सर्वांत अधिक जपावे लागते ते तेरा ते अठरा वयाच्या मुलग्याला. हाणामारीच्या बातम्यांमध्ये "विधिसंघर्षित बालक" हा शब्द आता वारंवार दिसतो, आणि ही अठरा वर्षांखालची मुले आकाशातून पडलेली नसतात. कोणाची तरी आई त्या वेळी कामावर असते, कोणाचे तरी वडील रात्रपाळीला असतात.

ही ओढ सुरू कशी होते ते समजून घ्या. आरंभी कोणी हातात कोयता देत नाही. चौकात बसणारा एखादा विशी-बाविशीचा "भाऊ" मुलाला नावाने हाक मारतो, स्वतःच्या गाडीवरून एक चक्कर मारून आणतो, वाढदिवसाच्या फलकावर कोपऱ्यात त्याचा फोटो छापतो. मग रात्री बारा वाजता चौकात केक कापताना तलवार निघते, त्याचे रील होते आणि ते मुलाच्या मोबाईलमधून शाळेत पोहोचते. तोवर त्याला वर्गात मान मिळू लागलेला असतो, जो गणिताच्या गुणांनी मिळत नव्हता. असे हत्यार हातात घेऊन चित्रफीत टाकल्यास १९५९ च्या हत्यार कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो आणि पोलीस माग काढतात, हे मुलाला घरातच, रागावून नव्हे तर माहिती म्हणून, सांगितलेले असावे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" असे पोलिसांनी पकडलेल्या आरोपींकडून वदवून घेतलेल्या चित्रफिती तुमच्या मुलानेही पाहिल्या असतील. त्याने त्यात काय पाहिले, त्याला कोण शूर वाटले आणि कोण केविलवाणा, हे त्याला विचारा. त्या उत्तरातून तुम्हाला जे कळेल ते कोणत्याही दलालाकडून कळणार नाही.

त्यामुळे घर पाहताना मुलाच्या दुपारी चार ते रात्री नऊ या वेळेचा विचार सर्वांत आधी करा. शाळा सुटल्यानंतर तो कुठे असेल? चालत जाण्याच्या अंतरावर मैदान, तालीम, अभ्यासिका किंवा नियमित चालणारा एखादा खेळाचा वर्ग आहे का? तेथे शिकवणारा माणूस मुलांना नावानिशी ओळखतो का? तुम्ही साडेआठला येता आणि यजमान दुसऱ्या पाळीला असले तर मध्यरात्रीनंतर, म्हणजे कितीतरी दिवस यातला बहुतेक वेळ मुलाच्या स्वतःच्या ताब्यात राहणार आहे. हाच प्रश्न गंगापूर रोडलाही आहे, फक्त तेथे तो तुम्हाला जाणवलेला नाही. सासूबाई तुमच्याकडे राहणार असतील, तर त्यांचे संध्याकाळी घरात असणे हे कोणत्याही कुलपापेक्षा मोलाचे आहे, आणि हे त्यांना आवर्जून सांगा.

जिवाच्या धोक्याचा हिशेब करायचाच असेल, तर तो पूर्ण करावा. २०२२ या वर्षी देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली आणि त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. तुमचे यजमान आज दुसरी पाळी संपवून रात्री उशिरा अंबडहून गंगापूर रोडला दुचाकीने येतात. थकलेला माणूस, रिकामा रस्ता, मागून भरधाव येणारा टेम्पो, हा धोका तुमच्या कुटुंबाने आजवर धोक्यात मोजलेलाच नाही. सिडकोत घर झाले तर हा प्रवास पुष्कळ कमी होईल. मात्र तेथे दुसरी एक अडचण उभी राहील, ती मुंबई-आग्रा महामार्गाची. मुलांची शाळा किंवा शिकवणी इंदिरानगरच्या बाजूला राहिली, तर राणेनगरच्या किंवा लेखानगरच्या बोगद्यातून रोज ये-जा करावी लागेल, आणि शाळेच्या वेळी तेथे होणारी कोंडी तुम्ही पाहिली असेलच. शाळा महामार्ग ओलांडावा न लागता मिळते का, हे घराच्या किमतीइतक्याच गांभीर्याने तपासा.

आता तपास कसा करावा, हे जरा सविस्तर सांगतो, कारण पंचवटीतील फुलेनगर असो, वडाळा असो की जुन्या नाशकातील एखादा मोहल्ला, नावाला घाबरून अडलेल्या कोणालाही याचा उपयोग होईल.

प्रथम नोंदी पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, पोलिसांनी संकेतस्थळावर प्रसिद्ध करायचा असतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर नाशिक शहर आयुक्तालय, मग अंबड पोलीस ठाणे आणि तारखा निवडल्या की ते अहवाल वाचता येतात. लैंगिक अत्याचार आणि बालकांवरील अत्याचार यांसारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले असतात, म्हणून या यादीतून सगळे समजेल असे मानू नका. तरीही मागच्या दोन-तीन महिन्यांचे अहवाल यजमानांसोबत बसून वाचा आणि प्रत्येकात तीन गोष्टी शोधा: घटनास्थळ, वेळ आणि फिर्यादीची आरोपीशी ओळख. चौथ्या स्कीमच्या त्या गल्लीच्या आसपासचे त्यात किती आहे, हे तुम्हालाच दिसेल. मग त्याच महिन्यांचे गंगापूर पोलीस ठाण्याचे अहवालही वाचा. सोनसाखळी ओढणे, बंद घर फोडणे, दुचाकी चोरी हे तेथेही आढळेल. केवळ आकड्यांची तुलना करून मात्र निष्कर्ष काढू नका, कारण दोन्ही हद्दींतील लोकसंख्या आणि वस्तीचे स्वरूप सारखे नाही.

त्यानंतर त्या गल्लीत जा, आणि दलाल ठरवेल त्या रविवार सकाळी नव्हे. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी तुम्ही कामावरून ज्या वेळी घरी याल त्याच वेळी, त्याच बसथांब्यावर किंवा रिक्षाथांब्यावर उतरून घरापर्यंत चालत जा. एकदा शनिवारी रात्री दहानंतर यजमानांसह जा. सिटीलिंकची शेवटची बस किती वाजता असते, ते वाहकाला विचारा. सिडकोच्या जुन्या गल्ल्या अरुंद आहेत आणि घरांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत. अशा गल्लीत रात्री साडेनऊला काय चालते ते मी पाहिलेले आहे: ओट्यावर दोघी-तिघी लसूण सोलत बसलेल्या, एक मुलगा पायरीवर गृहपाठ करीत असलेला, आणि अनोळखी माणूस वळणावर दिसताच तिघींचेही बोलणे क्षणभर थांबून "कोणाकडे आलात?" असा प्रश्न आलेला. हा प्रश्न विचारला जाणारी गल्ली एकट्या बाईसाठी पुष्कळ सुरक्षित असते. त्याच ओट्यावर तुमच्या घरी कोण आले, किती वाजता गेले याचीही चर्चा होणार, हे मनाशी धरून चाला. गंगापूर रोडच्या बंद दारांच्या इमारतीतून येणाऱ्या माणसाला त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

माणसांना विचारताना "हा एरिया कसा आहे?" असे विचारू नका. त्यावर बाहेरचा माणूस वाढवून सांगेल आणि आतला माणूस कमी करून, कारण एकाला आपली निवड योग्य ठरवायची असते आणि दुसऱ्याला आपल्या घराची किंमत आणि अब्रू राखायची असते. तुमच्या त्या दोन सहकारी हसल्या, त्यातही थोडा स्वाभिमान असणार. म्हणून ज्यांचे उत्तर एखाद्या सवयीतून येते, असे प्रश्न विचारा. औषधाच्या दुकानदाराला विचारा की रात्री दुकान किती वाजता बंद करता आणि पूर्वीपेक्षा लवकर बंद करू लागला आहात का. शाळेच्या रिक्षावाल्या काकांना विचारा की मुलांना कोपऱ्यावर सोडता की दारात. शेजारच्या बाईंना विचारा की रात्री दुचाकी कुठे लावता. ती फाटकाच्या आत ओढून साखळी लावत असतील, तर का आणि केव्हापासून, ते त्या आपोआप सांगतील. खासगी शिकवणी घेणाऱ्या बाईंना विचारा की आठवी-नववीच्या मुली एकट्या येतात का. दिवाबत्ती चालू आहे का, मोकळ्या भूखंडावर रात्री कोण बसते, देशी दारूचे दुकान किती पावलांवर आहे, हे तुमच्या डोळ्यांना दिसेलच.

शक्य असेल तर, आणि माझा कल याच बाजूला आहे, खरेदीपूर्वी त्याच गल्लीत किंवा तिच्या शेजारी अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर भाड्याने राहून पाहा. शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला गेलात तर गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी आणि शिमगा, सगळे या काळात येऊन जाईल, आणि मंडळांची वर्गणी कशी मागितली जाते हेही कळेल. वर्गणी मागण्याची रीत पाहून गल्लीचा स्वभाव चांगला ओळखता येतो. यात हे विशिष्ट घर हातचे जाण्याची शक्यता आहे, हे मान्य आहे. परंतु सिडकोत जुनी घरे विक्रीला येतच असतात, आणि एवढे मोठे कर्ज डोक्यावर घेताना एका घरासाठी घाई करण्याइतके दुर्मीळ असे त्यात काही नाही.

भाड्याचा मार्ग तुम्हाला जमणार नसेल आणि वरचा तपास समाधानकारक निघाला, तर घर घ्यावे असे मी म्हणेन. रात्रपाळीच्या दिवसांसाठी शेजारच्या दोन घरांचे क्रमांक घेऊन ठेवा, ११२ हा आपत्कालीन क्रमांक दोन्ही मुलांना पाठ असू द्या आणि दाराला आतून साखळी व बाहेर दिवा लावा. तपासात जर असे दिसले की गल्लीच्या तोंडाशी रोज टोळके बसते, दिवे फोडलेले आहेत आणि बायका आठनंतर एकट्या बाहेर पडत नाहीत, तर ते घर सोडून द्या आणि त्याबद्दल यजमानांनी मनात अढी धरू नये. एक गल्ली नाकारणे म्हणजे सिडको नाकारणे नव्हे. पवननगर किंवा पाथर्डी फाट्याकडे याच पद्धतीने दुसरे घर पाहता येईल.

सासूबाईंना वाद घालून पटवू नका, त्यांना सोबत न्या. संध्याकाळच्या फेरीत त्यांना त्या ओट्यावरच्या बायकांशी बोलू द्या. त्यांच्या वयाच्या बाईला शेजारणी जे सांगतील, ते तुम्हाला सांगणार नाहीत. नणंदेचे मत ऐकून घ्या, पण हप्ते भरणाऱ्यांच्या निर्णयात त्याला जागा किती द्यायची, ते तुम्ही दोघांनी आधीच ठरवा.

राहता राहिला इसाराचा प्रश्न. पंधरा दिवसांची मुदत तुम्हाला घाई करण्यासाठी दिलेली आहे, ती पाळण्याचे बंधन तुमच्यावर नाही. घरमालकाकडे आणखी एक महिना मागा. जमीन भाडेपट्ट्याची आहे का, हस्तांतरणाला कोणाची परवानगी लागते आणि चढवलेल्या वरच्या मजल्याला मंजुरी आहे का, याची कागदपत्रे तेवढ्या वेळात वकिलाला दाखवा. त्यांनी महिना दिला नाही, तर छोटी रक्कम देऊन, कागदपत्रांत दोष आढळल्यास ती परत मिळेल अशी अट इसार पावतीवर लिहून घ्या, आणि तीही लिहून द्यायला ते तयार नसतील तर पैसे देऊ नका.